ग्रामपंचायतीची निवडणूक : एडवणच्या मतदाराचे पाच वर्षांचे काम

पश्चिम रेल्वेच्या सफाळे स्थानकातून समुद्राकडे जाणाऱ्या मुलखात, उत्तरेचे केळवे आणि वैतरणेच्या मुखाजवळचे दातिवरे यांच्या दरम्यान, आशापुरी देवीच्या मंदिरामुळे परिचित असलेले एडवण हे पालघर तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव आहे. येथील मतदाराला लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत अशा पाच सभागृहांसाठी मत देण्याचा अधिकार आहे. या पाचांपैकी नळाचे पाणी, आळीतला रस्ता, दिवाबत्ती, गटार, अंगणवाडी, स्मशानभूमी आणि घरपट्टी यांच्याशी ज्याचा रोजचा संबंध येतो, ते सभागृह आकाराने सर्वांत लहान आहे आणि त्याच्या निवडणुकीची पद्धत मात्र सर्वांत कमी लोकांना नीट माहीत असते. ग्रामपंचायतीची निवडणूक म्हणजे मतदानाचा एक दिवस, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात कायद्याने या निवडणुकीचे अनेक टप्पे पाडलेले असून त्यांतील बहुतेक टप्प्यांवर सामान्य रहिवाशाचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद आहे. मात्र प्रत्येक टप्प्याला मुदत आहे आणि ती टळली की पुढच्या टप्प्यावर मागची चूक बहुधा दुरुस्त होत नाही. म्हणूनच मतदाराचे खरे बळ मतदानाच्या दिवसाइतकेच त्या दिवसाआधीच्या आणि नंतरच्या मुदती ठाऊक असण्यात आहे.

तीन पायऱ्यांची रचना

महाराष्ट्रातील ग्रामीण स्थानिक स्वराज्याची आजची चौकट दोन कायद्यांवर उभी आहे. ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा अधिनियम लागू आहे, तर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेल्या १९६१ च्या अधिनियमाने जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आणल्या व १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला. तरीही पुढची तीस वर्षे या संस्थांच्या निवडणुका केव्हा घ्यायच्या हे बऱ्याच अंशी राज्य सरकारच्या इच्छेवर अवलंबून होते. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने हे चित्र बदलले. पंचायतींची मुदत पाच वर्षांची ठरली, ती संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक झाले आणि मतदार याद्यांपासून निकालापर्यंतच्या सर्व प्रक्रियेचे नियंत्रण राज्य निवडणूक आयोग या स्वतंत्र घटनात्मक संस्थेकडे गेले. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका घेणारा भारत निवडणूक आयोग आणि गावच्या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग या दोन वेगळ्या संस्था आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण तक्रार कोणाकडे करायची हे त्यावरून ठरते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा आठ तालुक्यांचा जिल्हा झाला आणि त्याच्या जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये पार पडली. जिल्हा परिषदेत सदस्यांच्या ५७ जागा ठेवण्यात आल्या. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक जागेचा जो मतदारसंघ असतो त्याला गट म्हणतात आणि एका गटाचे दोन भाग करून पंचायत समितीचे गण तयार होतात. त्यामुळे जिल्ह्यातील पंचायत समित्यांच्या जागा गटांच्या दुप्पट असतात. या दोन्ही सभागृहांसाठी मतदान एकाच दिवशी होते आणि उमेदवार राजकीय पक्षांच्या चिन्हांवर उभे राहतात. ग्रामपंचायतीची निवडणूक यापासून अलग होते आणि तीत राजकीय पक्षांची चिन्हे वापरली जात नाहीत. गावातील गट आपापली पॅनेले उभी करतात आणि आयोगाने ठरवून दिलेल्या मुक्त चिन्हांपैकी एखादे चिन्ह उमेदवाराला मिळते. आपले पॅनेल अमुक पक्षाचे असल्याचे निकालानंतर जे दावे केले जातात, त्यांना कायद्याच्या दृष्टीने अर्थ नसतो.

सदस्य किती आणि प्रभाग कसे

ग्रामपंचायतीच्या सदस्यांची संख्या लोकसंख्येवरून ठरते. दीड हजारांपर्यंत लोकसंख्या असल्यास ७ सदस्य, त्यापुढे तीन हजारांपर्यंत ९, साडेचार हजारांपर्यंत ११, सहा हजारांपर्यंत १३, साडेसात हजारांपर्यंत १५ आणि त्याहून अधिक लोकसंख्येसाठी १७ सदस्य असा हा क्रम आहे. लोकसंख्या कितीही वाढली तरी १७ ही संख्या ओलांडता येत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीलगतचे बोईसर हे याचे जवळचे उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेत ३६ हजारांवर लोकसंख्या नोंदल्या गेलेल्या या शहरवजा गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिल्याने तेथील एका सदस्यामागे दोन हजारांहून अधिक रहिवासी येतात, तर सात सदस्यांच्या लहान गावात हे प्रमाण दोनशेच्या आसपास असते. लहान गावात एका मताचे वजन किती मोठे असते, हे या तुलनेवरून कळते. तेथे चार-पाच मतांच्या फरकाने निकाल लागणे नवलाचे नसते आणि दोन उमेदवारांना समसमान मते पडल्यास चिठ्ठी टाकून निर्णय करावा लागतो.

गावाची विभागणी ज्या भागांत होते त्यांना प्रभाग किंवा बोलीत वॉर्ड म्हणतात. एका प्रभागातून साधारणतः दोन किंवा तीन सदस्य निवडून द्यायचे असतात. प्रभागांचा प्रारूप आराखडा तहसीलदारांच्या देखरेखीखाली तयार होतो. त्यात प्रभागांची लोकसंख्या शक्य तितकी समान राखणे, रस्ता, ओहोळ, खाडी यांसारख्या ठळक खुणांवरून हद्द आखणे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो न फोडणे हे दंडक पाळायचे असतात. हा आराखडा नकाशासह प्रसिद्ध केला जातो, त्यावर हरकती मागवल्या जातात, उपविभागीय अधिकारी सुनावणी घेतात आणि त्यानंतर प्रभाग रचना अंतिम होते.

किनाऱ्यावरच्या गावांत या टप्प्याला विशेष महत्त्व आहे, कारण येथील वस्ती सलग नसते. वाड्यांमधून पसरलेल्या आळ्या, किनाऱ्यालगतची मच्छीमारांची घरे आणि गावठाणापासून दूर असलेले आदिवासी पाडे यांची मिळून एक ग्रामपंचायत होते. एखादा पाडा दोन प्रभागांत विभागला गेला, तर दोन्हीकडे त्याची मते अल्पसंख्य ठरतात आणि तेथील पाण्याचा किंवा वाटेचा प्रश्न मांडणारा स्वतःचा सदस्य निवडून येण्याची शक्यता मावळते. हे टाळण्यासाठी निकालाची वाट पाहून उपयोग नसतो. प्रारूप नकाशा सूचना फलकावर लागल्यावर मुदतीत दिलेली लेखी हरकत हाच त्यावरचा उपाय आहे. संविधानाच्या अनुच्छेद २४३-ओ नुसार मतदारसंघांची आखणी करणाऱ्या कायद्याची वैधता न्यायालयात प्रश्नांकित करता येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या मुदतीची किंमत कळते.

आरक्षणाची सोडत

प्रभाग ठरल्यानंतर त्यांतील कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे निश्चित होते. अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात असतात, नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी, म्हणजे इतर मागासवर्गीयांसाठी, वेगळ्या जागा असतात आणि २०११ पासून महाराष्ट्रात सर्व प्रवर्गांतील मिळून निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. सदस्यांच्या जागांची सोडत गावातच विशेष ग्रामसभा बोलावून सर्वांसमक्ष काढली जाते, तर सरपंचपदाचे आरक्षण तालुक्यातील सर्व ग्रामपंचायतींचा एकत्र विचार करून आळीपाळीने ठरते. सोडतीच्या सभेला हजर राहण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे आणि चिठ्ठ्या उघडपणे टाकल्या व काढल्या जात आहेत ना, हे पाहण्याचे काम गावानेच करायचे आहे.

पालघर जिल्ह्यात आरक्षणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ३७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्या प्रमाणात जागा राखल्यावर इतर मागासवर्गाच्या २७ टक्के जागांची भर पडली की बेरीज निम्म्याच्या पलीकडे जाते. जानेवारी २०२० मध्ये जिल्हा परिषदेची निवडणूक झाल्यानंतर ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास किशनराव गवळी प्रकरणात असा निर्णय दिला की, इतर मागासवर्गाचे आरक्षण देण्यापूर्वी समर्पित आयोगाकडून मागासलेपणाची पाहणी व्हावी, त्या पाहणीवरून प्रत्येक संस्थेसाठी प्रमाण ठरावे आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ नये. यालाच तिहेरी चाचणी म्हणतात. या निर्णयामुळे राज्यातील सहा जिल्हा परिषदांमधील इतर मागासवर्गाच्या जागा रिक्त झाल्या; त्यांत पालघर जिल्हा परिषदेच्या १५ आणि पंचायत समित्यांच्या १४ जागा होत्या आणि त्यांच्यासाठी ५ ऑक्टोबर २०२१ रोजी पोटनिवडणूक घ्यावी लागली. दीड-पावणेदोन वर्षांतच त्या गटांतील मतदारांना पुन्हा मतदान केंद्रावर जावे लागले. दूरच्या न्यायालयातील निर्णयाचा गावच्या मतपेटीशी किती थेट संबंध असतो, हे पालघरच्या मतदारांनी त्या वेळी अनुभवले.

याच जिल्ह्याची दुसरी विशेषता म्हणजे अनुसूचित क्षेत्र. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली आदिवासीबहुल प्रदेशाला विशेष संरक्षण दिलेले असून डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे तालुके पूर्णपणे, तर पालघर आणि वसई हे तालुके अंशतः या क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ चा पंचायत विस्तार कायदा, म्हणजे सर्वत्र ‘पेसा’ या नावाने ओळखला जाणारा कायदा, लागू होतो. संपूर्णतः अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतीचे सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असते आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार एखाद्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेऊन आपली वेगळी ग्रामसभा भरवता येते. एकाच पालघर तालुक्यात काही गावे या कायद्याखाली आणि काही बाहेर असल्यामुळे शेजारच्या गावचा नियम आपल्यालाही लागू असेल असे गृहीत धरू नये. आपले गाव कोणत्या यादीत आहे हे प्रत्येकाने तहसील कार्यालयातून खात्रीने जाणून घ्यावे.

मतदार यादी : सर्वांत जास्त गैरसमज येथे

राज्य निवडणूक आयोग गावासाठी स्वतंत्र मतदार यादी तयार करत नाही. विधानसभा मतदारसंघाची जी यादी भारत निवडणूक आयोगाने तयार केलेली असते, तीच एका ठरावीक तारखेला अस्तित्वात असलेल्या स्वरूपात घेतली जाते आणि प्रभागांनुसार तिचे तुकडे केले जातात. ही प्रभागनिहाय प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर तिच्यावरही हरकती घेता येतात, परंतु त्या मोजक्याच कारणांसाठी: विधानसभेच्या यादीत असलेले नाव प्रभागाच्या यादीतून गळले असेल, नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेले असेल किंवा लेखनिकाची चूक झाली असेल तर दुरुस्ती होते. ज्याचे नाव मुळात विधानसभेच्याच यादीत नाही, त्याचे नाव या वेळी नव्याने घातले जात नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्या अनेक तरुणांची निराशा होते ती याच ठिकाणी.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, यादीचे काम निवडणुकीच्या बऱ्याच आधी उरकून घ्यायला हवे. नव्या नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी नमुना ७ आणि दुरुस्ती अथवा स्थलांतरासाठी नमुना ८ भरावा लागतो. हे अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे, तहसील कार्यालयात किंवा ऑनलाइन देता येतात आणि १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करून माहिती मिळते. पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्यामुळे अठरा वर्षे पूर्ण होणाऱ्या तरुणाला वर्षभर थांबावे लागत नाही.

यादी हातात आल्यावर ती वाचायची कशी, हेही समजून घ्यावे. प्रत्येक पानावर चौकोनांत एकेक मतदार असतो; चौकोनात अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, मतदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग यांची नोंद असते. घर क्रमांकाच्या क्रमाने पाहत गेल्यास शेजारची चार घरे आपल्या प्रभागात आणि मधले एखादेच घर गायब, ही चूक चटकन नजरेस येते. लग्न होऊन गावात आलेल्या स्त्रीचे नाव माहेरच्या यादीतच राहिलेले असणे, मृत व्यक्तीचे नाव तसेच असणे आणि एकाच व्यक्तीचे नाव थोड्या फरकाने दोनदा असणे या नेहमी आढळणाऱ्या त्रुटी आहेत. आळीतील दोघा-तिघांनी प्रारूप यादी घेऊन एक संध्याकाळ घालवली, तर अशा बहुतेक चुका मुदतीच्या आत सापडतात.

सफाळे परिसरातून नोकरीसाठी मुंबईकडे रोज ये-जा करणारे पुष्कळ आहेत आणि २०१३ मध्ये डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या सुरू झाल्यापासून ते सोयीचेही झाले आहे. काही कुटुंबे मात्र वसई-विरार किंवा मुंबईत कायमची राहायला गेली आहेत. अशा व्यक्तींनी दोन्हीकडे नाव ठेवणे कायद्याने निषिद्ध आहे, कारण एका व्यक्तीला एकाच ठिकाणी मतदार राहता येते आणि अर्जात खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. गावाशी जिव्हाळा असणे आणि गावचा रहिवासी असणे यांत कायदा फरक करतो. याउलट, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जाणारी आदिवासी कुटुंबे गावची रहिवासी असूनही हिवाळ्यात मतदान आले की त्यापासून वंचित राहतात. त्यांना तारीख वेळेवर कळवणे आणि येण्याची सवड मिळावी म्हणून मालकाशी बोलणे ही गावातील जाणत्या लोकांची जबाबदारी आहे.

उमेदवार कोण होऊ शकतो

गावच्या मतदार यादीत नाव असलेली आणि एकवीस वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकते. त्या प्रभागातच राहण्याची अट नाही. मात्र अपात्रतेची काही कारणे कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहेत. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाली असल्यास, बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर भरलेला नसल्यास, सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेले असल्यास, पंचायतीच्या कामाच्या कंत्राटात हितसंबंध असल्यास किंवा घरी शौचालय नसल्यास अथवा त्याचा वापर होत नसल्यास उमेदवार अपात्र ठरतो. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असल्याचा दाखला द्यावा लागतो. राखीव जागेवरून लढणाऱ्याला जातवैधता प्रमाणपत्र विहित मुदतीत सादर करावे लागते, अन्यथा निवडून आल्यानंतरही पद जाते.

यांतील अनेक अटी कागदपत्रांशी निगडित आहेत आणि म्हणून अनुभवी घराण्यांना सोप्या, पण प्रथमच उभ्या राहणाऱ्या स्त्रीला किंवा आदिवासी तरुणाला कठीण जातात. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, जातीचा दाखला, स्वतंत्र बँक खाते यांची जुळवाजुळव उमेदवारी अर्जाच्या चार-पाच दिवसांत होत नाही. छाननीच्या वेळी, म्हणजे निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज तपासतात त्या दिवशी, अर्ज बाद झाला की त्या उमेदवाराची संधी पाच वर्षांसाठी जाते. ज्या गावाला नवे नेतृत्व हवे आहे, त्याने निवडणुकीच्या वर्षभर आधीपासून अशा इच्छुकांना कागदपत्रे पूर्ण करण्यास मदत करावी, हा यातून निघणारा साधा निष्कर्ष आहे.

उमेदवाराला अर्जासोबत गुन्हेगारी प्रकरणे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांचे घोषणापत्र द्यावे लागते. हे घोषणापत्र जनतेसाठी खुले असते आणि मतदाराने ते वाचावे अशीच अपेक्षा आहे. निकालानंतर तीस दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराने, मग तो जिंकलेला असो वा हरलेला, खर्चाचा हिशेब सादर करायचा असतो. तो न देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते.

मतदान केंद्राच्या आत

लोकसभेला मतदार एक बटण दाबून बाहेर येतो. ग्रामपंचायतीत तसे नसते. सरपंचाची निवड थेट जनतेतून करण्याची पद्धत २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये ती रद्द होऊन सदस्यांमधून निवड होऊ लागली आणि २०२२ मध्ये थेट निवड पुन्हा लागू झाली. त्यामुळे तीन सदस्यांच्या प्रभागातील मतदाराला तीन सदस्यांसाठी तीन आणि सरपंचासाठी एक अशी चार मते द्यायची असतात. मतदान यंत्रावर प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळी लावलेली असते आणि गोंधळ टळावा म्हणून तिचे रंग ठरलेले आहेत: सरपंचपदासाठी फिका निळा, अनुसूचित जातीच्या जागेसाठी फिका गुलाबी, अनुसूचित जमातीसाठी फिका हिरवा, नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी फिका पिवळा आणि सर्वसाधारण जागेसाठी पांढरा. राखीव जागेवर केवळ त्या प्रवर्गातील मतदारांनीच मत द्यायचे, असा एक गैरसमज प्रचलित आहे. आरक्षण उमेदवारासाठी असते; मत प्रभागातील प्रत्येक मतदाराचे असते, हे नव्या मतदाराला आवर्जून सांगायला हवे.

प्रत्येक रंगाच्या मतपत्रिकेत एका उमेदवारासमोरचे बटण दाबले की तेथे लाल दिवा लागतो आणि त्या जागेचे मत नोंदले जाते. ज्या जागेवरील कोणताही उमेदवार पसंत नाही, तेथे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ म्हणजे नोटा हे बटण दाबता येते. सर्व जागांसाठीची बटणे दाबून झाली की लांब आवाज होतो आणि मग मतदान पूर्ण झाले असे समजायचे. एक मत देऊन घाईने निघून जाणे ही लोकसभेच्या सवयीतून होणारी चूक असून तिच्यामुळे उरलेल्या जागांवरचा आपला अधिकार वाया जातो. वृद्ध मतदारांना आणि प्रथमच मतदान करणाऱ्यांना रंगांचा हा क्रम आधी घरीच समजावून सांगितला, तर केंद्रावरील खोळंबाही कमी होतो. मतदान गुप्त असते. कोणी कोणाला मत दिले हे यंत्रावरून कळते, असे सांगून दबाव आणणाऱ्याचे म्हणणे खोटे असते आणि तो प्रकार गुन्हा ठरतो.

बिनविरोध निवडणुकीचा विचार

गावातील वैर टळावे, खर्च वाचावा म्हणून निवडणूक बिनविरोध करण्याकडे अनेक गावांचा ओढा असतो. सर्वांना विश्वासात घेऊन, सर्व वस्त्यांना स्थान देऊन झालेली एकमताची निवड गावाला उपकारक ठरू शकते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या आदर्श मानल्या गेलेल्या गावात सुमारे तीस वर्षे बिनविरोध निवड झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये मात्र तेथेही मतदान झाले. त्याने गावाचे काही बिघडले नाही. परंतु एकमताच्या नावाखाली पैशाचा व्यवहार होतो तेव्हा तो लोकशाहीवरचा घाला असतो. त्याच जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींमध्ये पदांचा लिलाव झाल्याचे आढळल्याने राज्य निवडणूक आयोगाने तेथील संपूर्ण निवडणूक प्रक्रिया रद्द केली. लिलावाची रक्कम मंदिराला द्यायची म्हटली तरी पदाची विक्री ती विक्रीच राहते, आणि ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही त्याचा उभे राहण्याचा अधिकार त्या क्षणी हिरावला जातो. बिनविरोध निवडीच्या बैठकीत पाड्यांवरची माणसे, भूमिहीन आणि स्त्रिया बोलल्या का, हीच त्या एकमताची कसोटी होय.

निकालानंतरची पाच वर्षे

निवडणुकीत गैरप्रकार झाल्याची खात्री असल्यास निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत दिवाणी न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते. ही मुदत लहान असल्यामुळे पुरावे निवडणुकीच्या काळातच जपून ठेवावे लागतात. परंतु न्यायालयापेक्षा अधिक नित्याचे आणि बिनखर्चाचे साधन प्रत्येक मतदाराच्या हाती आहे, ते म्हणजे ग्रामसभा. पंचायत क्षेत्रातील सर्व मतदार मिळून ग्रामसभा होते. तिच्यासाठी कोणी निवडून यावे लागत नाही आणि तिची मुदतही संपत नाही. आर्थिक वर्षात तिच्या किमान चार बैठका घेणे बंधनकारक असून त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास होतात. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, अशीही तरतूद आहे. पुरेशा कारणाशिवाय ग्रामसभा न बोलावणारा सरपंच अपात्र ठरू शकतो.

ग्रामसभेची गणसंख्या, म्हणजे सभा वैध होण्यासाठी लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते. तेवढी माणसे न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. याचा परिणाम गंभीर आहे, कारण पहिल्या सभेला गाव फिरकले नाही तर दुसऱ्या सभेत मूठभरांच्या उपस्थितीत झालेले ठरावही संपूर्ण गावाचे ठरतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२०-२१ ते २०२५-२६ या काळात केंद्राकडून आलेल्या निधीचा ८० टक्के वाटा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतींना देण्याचे ठरले आणि त्याचा मोठा हिस्सा पाणी व स्वच्छता यांसाठी बांधलेला होता. तो कोणत्या आळीत, कोणत्या पाड्यावर खर्चायचा याचा आराखडा ग्रामसभेसमोर ठेवावा लागतो आणि मागील वर्षाचा जमाखर्चही तिच्यापुढेच वाचावा लागतो. उन्हाळ्यात विहिरींचे पाणी मचूळ होणाऱ्या किनाऱ्यावरच्या गावात हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे, हे सांगण्याची गरज नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन-चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव संमत केला, तरी त्यालाही ग्रामसभेची गुप्त मतदानाने मान्यता लागते. म्हणजे ज्यांनी निवडले त्यांनाच अखेरचा शब्द दिलेला आहे.

या सर्व विवेचनातून एडवणच्या आणि त्यासारख्या प्रत्येक गावच्या मतदारापुढे एक सुस्पष्ट कार्यक्रम उभा राहतो. वर्षातून एकदा मतदार यादीतील आपल्या घरची नावे तपासणे, प्रभागाचा प्रारूप नकाशा आणि प्रारूप यादी प्रसिद्ध होताच त्या पाहून आवश्यक तेथे लेखी हरकत देऊन पोच घेणे, आरक्षणाच्या सोडतीला हजर राहणे, नव्या इच्छुकांना कागदपत्रांसाठी साह्य करणे, उमेदवारांची घोषणापत्रे वाचणे, मतदानाच्या दिवशी सर्व जागांवरची मते पूर्ण देणे आणि त्यानंतर पाच वर्षे ग्रामसभेची गणसंख्या आपल्या हजेरीने भरणे, ही ती कामे होत. यांपैकी एकालाही पैसा, ओळख किंवा पद लागत नाही. यासाठी लागते ती तारखांची माहिती आणि शेजाऱ्याला सोबत नेण्याची तयारी, आणि ज्या गावात हे काम एका आळीने सुरू केले तेथे पुढच्या निवडणुकीत उमेदवारांना रहिवाशांच्या प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात व मते नंतर मागावी लागतात.